उंच माणसाची मोटारसायकल

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण ज्यानें कोणीं केली तो गृहस्थ साडेपांच फुटांच्या आंतला असला पाहिजे. ज्याचे पाय मुळांतच अंथरुणाबाहेर जातात त्यानें अंथरूण पाहून करावें काय, याचें उत्तर त्या म्हणींत नाहीं. आमच्या घरांत हा प्रश्न गेलीं आठ-नऊ वर्षें नित्य उपस्थित होत आहे. आमची स्वतःची उंची पांच फूट सहा इंच. पण चिरंजीवांनीं उंची उचलली ती आजोळची. अठराव्या वर्षीं ते सहा फूट तीन इंच झाले आणि मग कोठें थांबले. तेव्हांपासून घरांतील खाटा, जिन्यावरची तुळई, एस्. टी.च्या दोन बांकांमधील अंतर आणि तयार सदऱ्यांच्या बाह्या या सर्वांशीं त्यांचें वैर चालू आहे. या वैऱ्यांच्या यादींत मोटारसायकलीचें नांव कसें आलें, त्यांत आमचा दोष किती होता आणि त्यांतून अखेर मार्ग कसा निघाला, तें या महिन्यांत वाचकांस सांगावयाचें आहे. घरोघर आतां मुलें बापाच्या डोक्यावरून पाहूं लागलीं आहेत. तेव्हां हा अनुभव केवळ आमच्यापुरताच उपयोगी पडेल असें वाटत नाहीं.

प्रथम आमच्या चुकीची कबुली. २०२१ सालीं चिरंजीवांस पहिली नोकरी लागली आणि त्यांनीं मोटारसायकल घेण्याचें मनांत आणिलें. तीही आजकालच्या धारदार, कोनाकोनांच्या, पुढें झुकून बसावयाच्या घाटाची नव्हे. वाटोळा दिवा, पोटाशीं फुगीर व मागें निमुळती होत गेलेली टाकी, ताठ बैठक आणि ठोक्याठोक्यानें बोलणारें एकच सिलिंडर, अशा जुन्या घाटाची. ही आवड त्यांस कोठून लागली तें आम्हांस ठाऊक होतें. आमचे वडील बंधु पुष्कळ वर्षें बुलेट चालवीत. त्या गाडीचा गियर उजव्या पायाशीं आणि ब्रेक डाव्या पायाशीं असे. ती किक मारून चालू करणें हा एक विधीच होता, आणि तो पाहण्यासाठीं घरांतलीं सगळीं मुलें पडवींत जमत. त्या आठवणीनें आमचेंही मन मऊ झालें, आणि खरेदीचा पुढाकार आम्हींच घेतला.

दुकानांत गेल्यावर गाडीवर पहिल्यानें बसलों ते आम्ही. दोन्ही पावलें सपाट जमिनीला टेकलीं, हात हँडलावर सुखानें पोहोंचले, आणि ‘हीच बरी, पाय टेकले म्हणजे पडण्याची भीति नाहीं,’ असा निकाल आम्हीं जागच्या जागीं दिला. नंतर चिरंजीव बसले. त्यांचेही पाय टेकले. न टेकून जातात कोठें! ‘बाबा, गुडघे जरा वर येतात,’ असें ते हळूच म्हणाले. ‘सवय होईल,’ असें आम्हीं म्हटलें. ती गाडी कोणत्या कंपनीची होती तें येथें सांगत नाहीं, कारण दोष गाडीचा नव्हता. आमच्या उंचीच्या माणसास ती उत्तमच होती. मुलाची गाडी आम्हीं स्वतःच्या मापानें घेतली, हा खरा अपराध.

सवय झाली नाहीं. अर्ध्या तासाच्या प्रवासांत उजवा पाय गुडघ्यापासून खालीं मुंग्यांनीं भरून जाई. चिरंजीवांनीं तें घरीं सांगितलें नाहीं. गाडी वडिलांनीं हौसेनें घेऊन दिलेली, तिला नांवें कशीं ठेवावयाचीं? २०२२ च्या पावसाळ्यांत एके संध्याकाळीं ते आईला मागें बसवून एका नातेवाइकांकडून परत येत होते. लक्ष्मी रस्त्यावरील एका चौकांत तांबडा दिवा लागला. गाडी थांबली, त्यांनीं पाय खालीं टाकिला, आणि पाय बधिर झालेला असल्यामुळें तो जमिनीवर नीट ठरला कीं नाहीं हेंच त्यांस समजलें नाहीं. गाडी उभ्या उभ्या आडवी झाली. वेग शून्य, पण पावणेदोनशें किलोंचें धूड तें! पडतां पडतां सौभाग्यवतींनीं हात पुढें केला आणि मनगट मोडलें. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. डोकें वांचलें तें केवळ दैवानें. मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्यें होतें. हाड सांधलें, परंतु अजूनही थंडीच्या दिवसांत पोळ्या लाटतांना त्या मध्येंच थांबून मनगट चोळतात, आणि तें आम्हांस दिसूं नये म्हणून भिंतीकडे वळतात.

‘याउपर मी मोटारसायकलवर बसणार नाहीं, आणि तूंही बसूं नयेस,’ एवढेंच त्या मुलास म्हणाल्या. गाडी विकली, किंमत जवळजवळ निम्मी आली. पुढें तीन वर्षें चिरंजीवांनीं बसवर आणि आमच्या स्कूटरवर काढलीं. स्कूटरवर तर गुडघे हँडलास लागत, म्हणून ते पाय दोहों बाजूंस फांकून चालवीत. गल्लींतील मुलें त्यास हंसत. २०२५ सालीं त्यांस चाकणच्या बाजूला चांगली नोकरी मिळाली. जाऊन येऊन साठ किलोमीटरांहून अधिक अंतर, आणि सुटण्याची वेळ अनियमित असल्यामुळें बसचा भरंवसा नाहीं. मोटारसायकलीचा प्रश्न पुन्हां उभा राहिला. या वेळीं आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, आपण मत म्हणून द्यावयाचें नाहीं. केवळ टेपचें दुसरें टोंक धरावयाचें.

मनगटावर उपचार करणाऱ्या अस्थितज्ज्ञांनीं त्याच वेळीं चिरंजीवांस एक गोष्ट समजावून दिली होती. गुडघा फार दुमडून तसाच धरून ठेवला म्हणजे नसांवर दाब येतो आणि पाय बधिर होतो. पाय मोकळा केला कीं संवेदना परत येते, पण लगोलग येत नाहीं. चालत्या गाडीवरचा पाय आणि तांबड्या दिव्यापाशीं खालीं येणारा पाय यांमध्यें दोन-चार क्षणांचें अंतर असतें. तेवढ्यांत तो जागा होत नाहीं. त्याच पायानें मागचा ब्रेक दाबावयाचा असतो, हेंही येथें लक्षांत घ्यावें. म्हणजे उंच माणसाच्या गुडघ्याचा प्रश्न हा ऐषआरामाचा नसून सुरक्षिततेचा आहे.

आतां मोजमापाचें पाहूं. प्रत्येक मोटारसायकलीच्या माहितीपत्रकांत सीटची उंची ठळकपणें छापिलेली असते. जमिनीपासून सीटपर्यंतचें हें अंतर. आपल्याकडील पुरुषाची सरासरी उंची साडेपांच फुटांच्या आसपास असल्यामुळें पाय टेकतील कीं नाहीं ही बहुतेकांची पहिली काळजी असते, आणि हें माप तिचेंच उत्तर देतें. उंच माणसास लागणारें माप निराळें असतें, आणि तें पत्रकांत बहुधा सांपडत नाहीं. तें म्हणजे सीटपासून फूटरेस्टपर्यंतचें अंतर. फूटरेस्ट वाटेल तितका खालीं आणतां येत नाहीं, कारण वळणावर गाडी कलली म्हणजे तो रस्त्यास घांसेल. त्याची जागा अशी जवळजवळ ठरून गेलेली असल्यामुळें सीट जितकी खालीं, तितका गुडघा अधिक दुमडणार. आम्हांस जी सीट सोयीची वाटली तीच चिरंजीवांस जाचक कां झाली, याचा उलगडा आम्हांस तीन वर्षांनीं आणि एका मनगटाच्या मोलानें झाला.

या नियमास अपवाद पाय पुढें सोडून बसण्याच्या गाड्यांचा. २०२० सालीं आलेल्या रॉयल एन्फील्डच्या मीटियर ३५० या गाडीची सीट अवघी ७६५ मिलिमीटर उंच आहे. तरी तिचे फूटरेस्ट पुढें असल्यानें लांब पाय बऱ्यापैकीं मोकळे राहतात. मात्र अशा बैठकींत शरीराचा बराचसा भार माकडहाडावर येतो, आणि खड्डा आला असतां पायांवर उठून धक्का चुकवितां येत नाहीं. पुण्याहून चाकणला नित्य जाणाऱ्यास हा विचार केलाच पाहिजे. याच्या उलट टोंकाला कॅफे रेसर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गाड्या. त्यांचें हँडल खालीं आणि फूटरेस्ट मागें. काँटिनेंटल जीटी ६५० हिच्यासारखी गाडी दिसावयास किती देखणी! पण सहा फूट तीन इंचांचा मनुष्य तिच्यावर मिटलेल्या छत्रीसारखा दिसतो, आणि फार वेळ मिटून राहणें छत्रीस जमतें तसें माणसास जमत नाहीं.

या दोहोंच्या मधली बैठक म्हणजेच जुना घाट. पाठ ताठ, हात सहज पुढें, पाय जवळजवळ गुडघ्याच्या सरळ रेषेंत खालीं. हा घाट कांहीं निव्वळ शोभेसाठीं जन्मास आलेला नाहीं. बुलेट हें नांव इंग्लंडांत १९३२ पासूनचें. आपल्या सैन्यानें सीमेवरील गस्तीसाठीं ती पसंत केली, आणि १९५५ सालीं मद्रास येथें तिची जुळणी सुरू झाली. दिवसाचे दहा-दहा तास जीवर बसावयाचें, ती गाडी ताठ बैठकीचीच हवी. म्हैसूरच्या कारखान्यांतून १९६१ पासून निघालेल्या जावा आणि पुढें येझदी, यांची घडणही साधारण तीच. तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. परंतु गाड्यांची आठवण पुसली गेली नाहीं, म्हणून २०१८ सालीं जावा हें नांव नव्या गाड्यांवर पुन्हां आलें. होंडानें २०२० सालीं हायनेस सीबी ३५० काढिली. बजाजच्या चाकण येथील कारखान्यांत तयार होणारी ट्रायम्फची स्पीड ४०० ही २०२३ सालीं आली, आणि बीएसएची गोल्ड स्टार, जिचें मूळ नांव १९३८ चें, ती नव्या रूपांत आपल्याकडे १५ ऑगस्ट २०२४ रोजीं आली. जुन्या घाटाच्या गाडीस आतां जुनी गाडी शोधावी लागत नाहीं. बटण दाबून चालू होणारी, पेट्रोल इंजेक्शनची आणि एबीएस ब्रेकांची नवी गाडी त्याच अंगलटींत मिळते.

पत्रकांवरून आम्हीं सीटच्या उंचीची एक यादी केली. ती वाचकांच्या उपयोगासाठीं येथें देतों. जावा फॉर्टी-टू (२०१८ सालीं आलेली) ७६५ मिलिमीटर. गोल्ड स्टार सुमारें ७८०. हंटर ३५० आणि स्पीड ४०० (२०२३ सालीं आलेली) ७९०. हायनेस सीबी ३५० ८००. जावा ३५० (२०२४ सालीं आलेली) ८०२. क्लासिक ३५०, बुलेट ३५० आणि इंटरसेप्टर ६५० सुमारें ८०५. म्हणजे सर्वांत ठेंगणी आणि सर्वांत उंच यांमध्यें फरक अवघा ४० मिलिमीटरांचा, दीड इंचाहून थोडा अधिक. एवढ्यानें काय होणार, असें वाटेल. पण गुडघ्याच्या हिशेबांत दीड इंच म्हणजे पुष्कळ. चिरंजीवांचें टांगेचें माप आम्हीं घरींच घेतलें. अनवाणी भिंतीशीं उभें करून, दोन्ही मांड्यांमध्यें एक जाड पुठ्ठ्याचें पुस्तक वरपर्यंत सारून, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजलें तें ३५ इंच भरलें. आमचें ३० इंच. पांच इंचांच्या या फरकावर आम्हीं ‘सवय होईल’ असें म्हटलें होतें!

यादी हातीं घेऊन आम्ही तिघे दुकानोदुकान हिंडूं लागलों. तिघे म्हणण्याचें कारण, सौभाग्यवतीही आल्या. ‘मी बसणार नाहीं, पण पाहण्यास येईन,’ असें त्यांचें म्हणणें. परीक्षेची जी रीत अखेर आमच्या हातीं आली ती त्यांचीच. दुकानांत गाडीवर बसून मनुष्य हँडल धरतो, आरशांत स्वतःस पाहतो आणि दोन मिनिटांत खालीं उतरतो. दोन मिनिटें कोणत्याही गाडीवर सुखाचींच जातात. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘गाडी मेन स्टँडवर लाव, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेव, आणि माझी दोन वेळां रामरक्षा म्हणून होईपर्यंत हलूं नकोस.’ दोन रामरक्षा म्हणजे सुमारें वीस मिनिटें. विक्रेते प्रथम हंसले. मग त्यांतील एकानें खुर्ची आणून दिली. एका गाडीवर पहिली रामरक्षा संपण्यापूर्वींच चिरंजीवांची चुळबुळ सुरू झाली. दुसऱ्या एकीवर पाय सुखांत होते, परंतु पाठ वांकत होती, कारण हँडल त्यांच्या हातांच्या मानानें फार जवळ होतें. दोन सिलिंडरांच्या एका मोठ्या गाडीवर दोन्ही रामरक्षा शांतपणें पार पडल्या, आणि चिरंजीवांचा चेहरा असा झाला कीं आम्हांस खिशाची काळजी वाटूं लागली.

स्टँडवरच्या परीक्षेनंतर स्टँड काढून करावयाच्या चार परीक्षा आम्ही हळूहळू शिकलों. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून तें गुडघ्यास लागतें काय तें पाहावें. चिंचोळ्या गल्लींत गाडी फिरवितांना तें लागलें म्हणजे तोल गेलाच म्हणून समजा. टाकीस गुडघ्यांसाठीं जी खांच असते, तिच्यांत गुडघे बसतात कीं तिच्या पुढच्या कडेवर आपटतात, तें पाहावें. नित्याचा बूट घालून जावें. चिरंजीवांस अकरा नंबरचा बूट लागतो. टाच आणि पंजा दोहोंनीं दाबावयाची जी गियरपट्टी असते, तिच्या दोन टोंकांमध्यें एवढा बूट अडकून बसतो काय, तें पाहावें. आणि चवथें, आरसे. उंच माणसास कित्येक गाड्यांच्या आरशांत मागचा रस्ता न दिसतां स्वतःचीं कोपरेंच दिसतात.

याहून एक सूक्ष्म गोष्ट सीटच्या आकाराची आहे, आणि ती आमच्या लक्षांत फार उशिरां आली. क्लासिक ३५० हिची चालकाची सीट खोलगट आणि मागच्याची निराळी असते. मध्यम उंचीच्या माणसास ती कुशींत घेते; पण उंच माणसास तिनें नेमून दिलेल्या जागींच बसावें लागतें, मागें सरकतां येत नाहीं. बुलेट ३५० आणि हायनेस यांची सीट अखंड, बांकासारखी असते. तीवर चार बोटें मागें सरकलें कीं गुडघ्याचा कोन उघडतो आणि हातही मोकळे होतात. परंतु चालक चार बोटें मागें सरकला तर मागें बसणाऱ्यानें जावें कोठें? हा प्रश्न आमच्या घरांत साधा नव्हता. चिरंजीवांनीं तो मोठ्यानें उच्चारलाही नाहीं. ज्या सीटवर आई बसणार नाहीं असें ठरून गेलें होतें, त्या सीटची लांबी ते दर दुकानांत हळूच टेपनें मोजून घेत, आणि सौभाग्यवती तें पाहून न पाहिल्यासारखें करीत.

पैशाचा विचार आतां थोडक्यांत. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारसायकलीवरील जीएसटी बदलला. ३५० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या इंजिनास तो २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्याहून मोठ्या इंजिनास अधिभारासह ३१ टक्के पडत असे तो सरळ ४० टक्के झाला. म्हणजे चिरंजीवांचें मन जिच्यावर बसलें होतें ती ६४८ घनसेंटिमीटरांची गाडी महागली आणि ३४९ ची स्वस्त झाली. त्याच दिवशीं घटस्थापना होती. सूट आणि मुहूर्त एकदम आल्यावर दुकानांत पाय ठेवण्यास जागा नाहीं! गाडी चालवून पाहण्यास मिळे ती कोपऱ्यापर्यंत आणि परत. ‘आज नोंदवा, नाहीं तर दसऱ्यास गाडी मिळणार नाहीं,’ असें एका विक्रेत्यानें बजाविलें. चिरंजीव आमच्याकडे पाहूं लागले, आम्ही सौभाग्यवतींकडे. त्या म्हणाल्या, ‘दसरा दर वर्षीं येतो. मनगट दर वर्षीं येत नाहीं.’ आम्ही घरीं परतलों.

गर्दी ओसरल्यावर मार्गशीर्षांतल्या एका साध्या बुधवारीं एका दुकानदारानें चिरंजीवांस अर्धा तास गाडी दिली. त्यांनीं ती खड्ड्यांच्या रस्त्यानें मुद्दाम नेली, तीन सिग्नलांवर थांबविली आणि परत आणिली. ती बुलेट ३५० होती: सीट अखंड, वजन १९५ किलो, इंजिन ३४९ चें. मोठ्या गाडीचा लोभ त्यांनीं आपण होऊनच सोडिला. कारण विचारतां म्हणाले, ‘बाबा, तीवर सुख अधिक आहे, पण तिच्या हप्त्यांच्या ओझ्यानें पुन्हां गुडघे वर येतील.’ येथें आम्हांस आमच्या मुलाचें प्रथमच थोडें कौतुक वाटलें, आणि आम्हीं तें नेहमींप्रमाणें बोलून दाखविलें नाहीं.

बिल हातीं आल्यावर मात्र आम्हीं मौन सोडिलें. गाडीची किंमत, नोंदणी, वाहन कर आणि विमा हे आंकडे समजण्यासारखे होते. नव्या दुचाकीस तृतीय पक्षाचा विमा एकदम पांच वर्षांचा घ्यावा लागतो, हा नियम २०१८ पासूनचा. पण शेवटीं ‘हाताळणी खर्च’ म्हणून एक रक्कम होती. ‘गाडी कोणीं हाताळली, आणि कोणत्या नियमानें?’ असें आम्हीं विचारिलें. उत्तर आलें नाहीं. रक्कम मात्र गेली. नव्या गाडीबरोबर हेल्मेट देणें नियमानें बंधनकारक आहे, तेंही मागून घ्यावें. परंतु मोठ्या चणीच्या माणसाचें डोकेंही मोठें असतें. मिळालेलें हेल्मेट चिरंजीवांस आवळे, म्हणून त्यांच्या मापाचें आयएसआय शिक्क्याचें दुसरें घेतलें. मागें बसणाऱ्यासही हेल्मेट कायद्यानें आवश्यक आहे. चिरंजीवांनीं त्याच वेळीं एक लहान मापाचेंही घेतलें. कोणासाठीं, तें कोणींच विचारिलें नाहीं.

मापाचें कापड मिळालें तरी शिंपी लागतोच. गाडी घरीं आल्यावर चिरंजीवांनीं चार लहान गोष्टी करून घेतल्या. हँडलाचे नट सैल करून तें किंचित् पुढें फिरविलें. मागच्या ब्रेकची पट्टी त्यांच्या पावलाच्या कोनास जुळेल इतकी खालीं घेतली. मागच्या दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरांस जे कमी-अधिक ताणाचे टप्पे असतात, ते पान्यानें दोन टप्पे घट्ट केले. कारण जड माणूस बसला म्हणजे स्प्रिंग दबून सीट आणि गाडी दोन्ही खालीं जातात. आणि नाना पेठेंतील एका सीट शिवणाऱ्या कारागिराकडून सीटच्या पुढच्या भागांत एक इंच फोम वाढवून घेतला. तो कारागीर म्हणाला कीं, त्याच्याकडे शंभरांतले नव्वद लोक सीट कमी करावयास येतात. वाढवावयास येणारा विरळाच. एक इंचाचें तें काम आठशें रुपयांत झालें, आणि आमच्या मतें साऱ्या खरेदींतला सर्वांत सत्कारणीं लागलेला पैसा तोच. इंजिन, सायलेन्सर यांसारख्या भागांत मात्र हात घालूं नये. नोंदणींतील तपशिलाशीं विसंगत फेरफार कायद्यास मान्य नाहीं, आणि शेजाऱ्यांच्या झोंपेसही.

ज्या घरांत असा लांब पायांचा मुलगा अथवा मुलगी आहे, त्यांस आमचें सांगणें एवढेंच. प्रथम टांगेचें माप घ्या, मग दुकानांत जा. सीट जमिनीपासून किती उंच तें विचारूंच नका असें नव्हे. पण ती फूटरेस्टपासून किती उंच तें स्वतः मोजा. सीट अखंड असेल तर अधिक चांगली. वीस मिनिटें बसल्यावांचून आणि अर्धा तास चालविल्यावांचून पैसे देऊं नका. सणाचा मुहूर्त त्यासाठीं चुकला तर चुकूं द्या. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मुलगा ‘गुडघे वर येतात’ असें हळूच म्हणाला तर तें ऐका. मुलें अशा गोष्टी एकदांच सांगतात.

गाडी दारांत आली त्या दिवशीं सौभाग्यवतींनीं तिला हळदकुंकू वाहिलें, चाकाखालीं लिंबू ठेविलें आणि आंत निघून गेल्या. दोन महिने लोटले. चिरंजीव रोज चाकणला जात आणि परत येत. आल्यावर जिना चढतांना पाय झटकण्याची पूर्वींची लकब राहिली नव्हती. हें आमच्या आधीं त्यांच्या ध्यानांत आलें असावें. माघांतल्या एके संध्याकाळीं त्या एकाएकीं म्हणाल्या, ‘सारसबागेच्या गणपतीला जावयाचें आहे. रिक्षा मिळत नाहीं.’ रिक्षा कोपऱ्यावर तीन उभ्या होत्या. चिरंजीवांनीं कांहीं न बोलतां लहान हेल्मेट काढून आईच्या हातीं दिलें.

ती दोघें परत येईपर्यंत आम्ही पडवींत उभे होतों, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. येतांना ती लक्ष्मी रस्त्यानेंच आलीं आणि त्याच चौकांत त्यांस तांबडा दिवा लागला. रात्रीं जेवणें झाल्यावर सौभाग्यवतींनीं आम्हांस सांगितलें, ‘दिवा लागला तेव्हां मी खालीं त्याच्या पावलाकडे पाहत होतें. गाडी थांबण्याच्या आधींच पाऊल तयार होतें.’ मग त्या मनगट चोळूं लागल्या. त्या वेळीं मात्र त्यांनीं भिंतीकडे तोंड वळविलें नाहीं.